निळ्या पाण्याची भूक

“पण मग ही हिरवी झालीच कशी?”

मकरंद हिंगमिरेने बाटली फळीवर ठेवली. ठेवली म्हणायचं, आपटलीच.

दाऊद सारंगाने मान वर केली. मांडीवर जाडजूड दोर होता. तुटलेल्या दोराचे पीळ उकलून तो एकमेकांत गुंफत होता.

“कोणती हिरवी?”

“ही! डोळ्यांना दिसत नाही का, चाचा?”

म्हाताऱ्याने बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि गोल खिडकीच्या उजेडात धरली. आतलं पाणी शेवाळलेल्या हौदासारखं झालं होतं.

“छान रंग आलाय,” तो म्हणाला.

मकरंदच्या कपाळाची शीर उडू लागली.

जहाज तेव्हा पृथ्वीच्या दक्षिण टोकाला होतं. बर्फाच्या अलीकडे, जिथे उन्हाळ्यातसुद्धा वाऱ्याने कान झडून पडतील असं वाटतं. पाण्याचा अभ्यास करणारी माणसं मुद्दाम एवढ्या लांब आली होती. मकरंद त्यांच्यातला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात हुशार. हे दुसरं त्याला स्वतःलाही चांगलंच माहीत होतं.

दाऊद बुरोंडकर हा खलाशांचा मुकादम. जहाजावर अशा माणसाला सारंग म्हणतात. दापोलीकडचा. शाळा चौथीत सुटली, समुद्र चाळीस वर्षांत सुटला नाही. ही त्याची शेवटची सफर होती. जहाज मायदेशी परतलं की बंदरात उतरायचं आणि घरी जायचं, एवढंच राहिलं होतं.

मकरंदने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“ही तक्रार आहे. नाडकर्णी बाईंना द्यायच्या आधी तुम्हाला दाखवायला आणली. नंतर म्हणू नका, मागून वार केला.”

“वाचून दाखवा. मला सही तेवढी येते.”

मकरंदने वाचलं. नमुना घेताना सारंग दाऊद बुरोंडकर यांनी निष्काळजीपणे दोर हाताळला, त्यामुळे बाटलीत लोखंड गेलं, पाच वर्षांचं काम वाया गेलं. तरी त्यांना पुढच्या बंदरात उतरवून द्यावं.

म्हातारा ऐकत होता. ‘उतरवून द्यावं’ या शब्दांशी त्याची बोटं दोरात थांबली. मग पुन्हा चालू लागली.

“म्हणजे विमानाने घरी पाठवणार,” तो हळूच म्हणाला. “पार्सल.”

“मी काय करू? माझं आयुष्य गेलं त्या बाटलीत.”

“बसा, डॉक्टरसाहेब.”

“अजून डॉक्टर झालो नाही. आणि आता होतही नाही.”

“तरी बसा.”

मकरंद दोराच्या वेटोळ्यावर बसला.

“मला सांगा तरी,” दाऊद म्हणाला, “माझा गुन्हा काय. कळल्याशिवाय कबूल कसा करू?”

मकरंदने सुस्कारा टाकला. लहान पोराला सांगावं तसं त्याने सांगायला सुरुवात केली.

“या समुद्रात खत किती आहे, माहीत आहे? खोल तळातलं पाणी इथे वर येतं. येताना नायट्रेट आणतं, फॉस्फेट आणतं. आपल्या कोकणच्या समुद्रात वरवरच्या पाण्यात ते शोधावं लागतं. इथे ढीग पडलेत. उन्हाळ्यात ऊनही जवळजवळ चोवीस तास. आणि तरी पाणी कसं आहे?”

“निळं.”

“निळं म्हणजे रिकामं. पाण्यात तरंगणाऱ्या बारीक वनस्पती असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांच्यावर कोळंबी जगते, कोळंबीवर मासे, देवमासे, पक्षी, सगळेच. त्या वनस्पती इथे आहेत, पण वाढत नाहीत.”

“भरल्या ताटावर उपाशी?”

“हो.”

“का बरं?”

“लोखंड नाही म्हणून.”

दाऊदने दोर बाजूला ठेवला.

“लोखंड... खातात?”

“किंचित. मोहरीएवढा कण सात-आठ टँकर पाण्याला पुरून उरेल. आपल्याकडे जमिनीवरून धूळ उडते, नद्या गाळ आणतात, त्यातून मिळतं. इथे जमीन बर्फाखाली झाकलेली. धूळ येणार कुठून? बाकी सगळं आहे आणि तेवढीच चिमूट नाही. म्हणून बाकीचं सगळं तसंच पडून आहे.”

बाहेर लाट जहाजाच्या पोटावर आदळून गेली.

मग म्हातारा स्वतःशीच हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

“काय झालं?”

“चाळीस वर्षं जहाजांचा गंज खरवडतोय, साहेब. खरवडायचा आणि झाडून समुद्रात लोटायचा. दर खेपेला मनात म्हणायचो, दर्याबाबा, माफ कर, तुझ्या दारात कचरा टाकतोय...” त्याने तळव्याने डोळे पुसले. “त्यातला थोडा कुणाच्या तोंडी लागला असेल. आज कळलं. शुक्र आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं.”

मकरंदला हे अपेक्षित नव्हतं. तो भांडायला आला होता. समोरचा माणूस आभार मानत होता.

“ते राहू द्या,” तो तुटकपणे म्हणाला. “बाटल्या सहा होत्या. तीन बाटल्यांत मी मोजून लोखंड घातलं. त्या हिरव्या व्हायला हव्यात, झाल्या. उरलेल्या तीनांत काही घातलं नाही. त्या निळ्या राहायला हव्यात. दोन राहिल्या. ही तिसरी राहिली नाही. आता कुणीही म्हणेल, याच्या बाटल्या घाण होत्या, याचं काहीच खरं धरू नका.”

“आणि घाण मी केली.”

“दोर कुणाच्या हातात होता? लोखंडी तार चालत नाही म्हणून प्लास्टिकचा दोर आणला. तो तुम्ही आणि तुमच्या माणसांनी ओढला. बघा जरा हात तुमचे.”

दाऊदने तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. रेषारेषांत तांबूस रंग मुरला होता. चाळीस वर्षांचा.

“तीनदा धुतले होते साबणाने. तुम्ही सांगितलं तसे. हातमोजेही घातले होते.”

“तरी गेलं ना?”

“ताईत काढून ठेवला होता. सगळ्यांनीच ठेवले होते. रझाकची कानातली बाळीसुद्धा तुम्ही काढायला लावलीत.”

“मग कुणी तरी काही तरी ठेवलं असणार!”

वारा शिट्टीसारखा वाजत होता.

“लिहा माझं नाव,” दाऊद म्हणाला. “खलाशांपैकी कुणाचं नको. त्यांच्या अजून खूप सफरी राहिल्यात. फक्त तो एक शब्द काढा. निष्काळजीपणे. तेवढा काढलात की सही करतो. आणा पेन.”

मकरंदने पेन पुढे केलं.

म्हाताऱ्याने पेन घेतलं नाही. त्याने मकरंदचा हात धरला. मनगटाशी धरून तो उजेडाकडे वळवला आणि खाली वाकून पाहू लागला, वैद्य नाडी पाहतो तसा.

“काय करताय?”

“साहेब... मला अक्षर वाचता येत नाही. गंज येतो.”

मकरंदच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात एक काळसर अंगठी होती. जाड, ओबडधोबड. तिच्या कडेला कातडीवर तांबड्या रंगाची एक बारीक रेघ उमटली होती. महिनाभराच्या खाऱ्या हवेने काढलेली.

मकरंदने बोटाकडे पाहिलं.

पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं पाहिलं.

पाच वर्षं ती अंगठी त्या बोटात होती. अंघोळीत, झोपेत, परीक्षेत. घड्याळ त्याने काढलं होतं. पट्ट्याचं बक्कल काढलं होतं. चष्म्याची काडीसुद्धा प्लास्टिकची करून घेतली होती. आणि ही... ही काढायची असते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आपलं नाक कुणाच्या ध्यानात येतं का?

त्याला आठवलं. धूळ लागू नये म्हणून उभारलेल्या प्लास्टिकच्या तंबूत बाटल्या भरताना हातमोजा मधल्या बोटावर टरकला होता. जराशीच चीर. शेवटचीच बाटली होती. त्याने टोपण आवळलं होतं आणि म्हटलं होतं, चालतंय.



“कसलं लोखंड आहे?” दाऊदने विचारलं.

“घोड्याच्या नालेचं.”

“हां... साडेसाती?”

मकरंदने होकारार्थी मान हलवली. कानापर्यंत लाल झाला होता.

“आईने घातली. आम्ही बार्शीचे. तिला कुणी तरी सांगितलं, नाल काळ्या घोड्याची हवी आणि घोड्याच्या पायातून आपोआप सुटलेली हवी. गावात टांगे उरलेत चार. ती रोज शाळेत खिचडी शिजवायला जायची, दोनशे पोरांची. तिथून सुटली की टांगा अड्ड्यावर जाऊन बसायची. नाल पडायची वाट बघत. टांगेवाले हसायचे तिला...”

“किती दिवस?”

“दीड महिना.”

“मग पडली?”

“पडली. लोहाराकडून करून घेतली आणि माझ्या बोटात घातली. मी घालत नव्हतो. रडायला लागली म्हणून घातली. संस्थेत कुणी विचारलं तर सांगायचो, कॉलेजात असतानाची फॅशन आहे.”

दाऊदला हसू फुटलं. मकरंदला फुटलं नाही. तो अंगठी ओढू लागला. ती निघेना. बोट सुजलं, सांधा पांढरा पडला. तो दात-ओठ खाऊन ओढत होता.

“फेकून देतो! आत्ताच्या आत्ता समुद्रात...”

“अहो, बोट निघेल तिच्याबरोबर. थांबा.”

म्हाताऱ्याने ट्रंकेतून खोबरेल तेलाची बाटली काढली. थंडीने तेल दगड झालं होतं. त्याने ती काखेत धरली. दोघं वाट पाहत बसले.

तेल पातळ झाल्यावर दाऊदने दोन थेंब मकरंदच्या बोटावर सोडले आणि अंगठी फिरवत फिरवत, कुठेही न ओढता, सोडवून घेतली. तळहातावर ठेवून पाहिली.

“या नालेवर घोडा किती हिंडला असेल, नाही?”

“चाचा, माझं संपलं,” मकरंद म्हणाला. “पाच वाजता जहाज इथून हलणार. पुन्हा इथे कोण आणणार मला? एकट्याच्या बळावर आलो होतो इथवर. बाप नाही, ओळख नाही, शिफारस नाही. कुणाचं काही घेतलं नाही. एकट्याने केलं सगळं.”

दाऊदने अंगठी त्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

मग फळीवरची हिरवी बाटली उचलून त्याच्या हातात दिली.

“हिलाही तसंच वाटत असेल.”

“काय?”

“की आपण एकट्याने हिरवे झालो.”

मकरंद बाटलीकडे पाहत राहिला...

मोज्याच्या एका चिरेतून जेवढं लोखंड गेलं असेल, ते जगातल्या कुठल्या तराजूवर दिसलं नसतं. आणि पाणी नुसतं हिरवं होऊन बसलं होतं.

तो उठला. तक्रारीचा कागद त्याने चार वेळा फाडला, तुकडे मुठीत घेतले आणि दोरखंडांच्या खोलीतून बाहेर पडला.

पथकाच्या प्रमुख नाडकर्णी बाई नकाशावर वाकल्या होत्या. मकरंदने त्यांना सगळं सांगितलं. अंगठी दाखवली. तक्रार लिहिली होती आणि कुणाविरुद्ध लिहिली होती, तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला.

“सारंगावर ठेवणार होतास?”

“हो.”

“हं.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “दोन तास आहेत. नमुना पुन्हा घेता येईल, बाटल्या धुतलेल्या शिल्लक आहेत. दहा दिवस आपण थंड पाण्यातच असू, तेवढ्यात वाढही कळेल. पण खलाशांची पाळी संपली आहे. आरामाच्या वेळेत मी त्यांना हुकूम करू शकत नाही. बाहेर वारा बघितलास ना? तूच जाऊन विचार. हो म्हणाले तर म्हणाले.”

खलाशी जेवणाच्या खोलीत चहा पीत होते. सहाजण. मकरंद दारात उभा राहिला. चहाचे घोट थांबले. बातमी कधीच पोचली होती, जहाज ते केवढं!

“मला पुन्हा नमुना घ्यायचा आहे,” तो म्हणाला. “चूक माझी होती. तुमच्यापैकी कुणाचीही नव्हती. दोर ओढायला माणसं हवीत. हक्काने सांगू शकत नाही... विनंती करतो.”

सगळ्यांनी कपात डोकी घातली.

कोपऱ्यात दाऊद बशीतून चहा ओढत होता. त्यानेही वर पाहिलं नाही.

“साहेब,” रझाक म्हणाला, “माझी बाळी पुन्हा काढायची का?”

“हो.”

“आणि चाचांचा ताईत?”

“तोही.”

“आणि तुमचं काय काढायचं?”

मकरंदने उजवा हात वर केला. मधल्या बोटावर पांढरं वळं उठलं होतं.

“माझं चाचांनी काढलं. खोबरेल लावून.”

एकजण फिसकन हसला. चहा त्याच्या नाकात गेला. मग सगळेच हसले, टेबल वाजवून हसले. त्या हसण्यात मकरंदची चांगली सालं निघाली, आणि सालं निघाली म्हणून त्याला बरं वाटलं.

“चला रे,” रझाक बाळीला हात घालत म्हणाला, “नवरदेव न्हाऊन आलाय.”

बाहेर वारा चाकूसारखा होता. सहा माणसं दोराला लागली. बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट खोल बाटली सोडायची, भरली की वर ओढायची. लोखंडी कठड्याला दोर लागू द्यायचा नाही म्हणून दाऊद स्वतः कठड्यावर रबर धरून ओणवा झाला होता. लाटांचे तुषार त्याच्या दाढीत गोठत होते.

“सावकाश... सावकाश... तान्हं बाळ आहे टोपल्यात असं समजा...”

मकरंदने हात धुतले. दोन-दोन हातमोजे चढवले. प्रत्येक बाटलीनंतर वरचा मोजा बदलला, आधी उजेडात धरून चीर आहे का पाहिलं. चालतंय असं एकदाही म्हटलं नाही.

पावणेपाचला सहाव्या बाटलीचं टोपण लागलं. डेकवरच्या हौदात समुद्राचं पाणी फिरत होतं, त्यात सहाही बाटल्या रांगेने बुडवून ठेवल्या. निळ्या, नितळ, जणू आत काहीच नाही.

जहाजाचं इंजिन गुरगुरलं. खलाशी हात फुंकत आत पळाले. रझाक जाता जाता ओरडला, “डॉक्टर झालात की मिठाई पाठवा, बार्शीची!”

“पाठवतो! नक्की पाठवतो!”

मकरंद आणि दाऊद हौदाशी उभे राहिले.

मकरंद म्हणाला, “चाचा, तुमच्या जागी मी असतो तर आलो नसतो.”

“थंडी फार आहे. आत चला.”

“तुमचे आभार कसे मानू, सांगा. आज मला ते आलंच पाहिजे. नुसतं तोंडाने म्हटलं तर खोटं वाटेल.”

म्हातारा दाढीतला बर्फ काढत होता.

“आज वार कोणता?”

“शनिवार.”

“शनिवारी घरी फोन लावायला मिळतो. तीन-तीन मिनिटं. आज रांगेत दुसरा नंबर माझा आहे. तो तुम्ही घ्या.”

“आणि तुम्ही? घरी वाट बघत असतील.”

“मी पुढच्या आठवड्यात बोलेन. आता मला कुणी उतरवत नाही जहाजावरून.”

मकरंद हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं.

“निघाल्यापासून मी फोन केलेला नाही. वेळ जातो म्हणून... दर शनिवारी माझा नंबर दुसऱ्याला देऊन टाकतो.”

“माहीत आहे. दोनदा मीच घेतलाय.”

“काय बोलू आईशी? हे समुद्राचं, लोखंडाचं... तिला काय कळणार? अंगठीचं सांगू? माफी मागू? कुठून सुरुवात करू?”

दाऊदने ओला दोर खांद्यावर घेतला. दोन पावलं गेला. थांबला.

“जेवलीस का, एवढं विचारा.”